दहा वर्षांतले दहा

पहिला फोटो केवढा ठेवायचा, हे मी आधीच ठरवून टाकलं होतं. फ्लेक्स बारा फूट बाय आठ. डाव्या हाताला वरपासून खालपर्यंत एकच माणूस, पायाखाली बॉल. बाकीचे नऊ जण उजवीकडं, नंबराप्रमाणं लहान लहान होत गेलेले. दहाव्याचा फोटो तळहाताएवढा. धाराशिवला माझ्या ऑफिसच्या मागच्या गल्लीत फ्लेक्सवाला आहे. त्याच्या शेजारी खुर्ची टाकून मी हे सगळं कॉम्प्युटरवर आखून घेतलं. त्यानं विचारलं, "साहेब, ह्या मोठ्या जागेत कोण बसवायचं?" मी म्हणालो, "ते मतदानावर आहे." आणि हळूच मोबाइलमधला माझाच एक जुना फोटो काढून बघितला, एवढा मोठा केला तर फाटेल की काय म्हणून.

हसा, हसा. मी असाच होतो. फार जुनी गोष्ट नाही, गेल्या संक्रांतीच्या आधीची आहे.

आमचं गाव तुळजापूर तालुक्यात, जळकोटच्या अलीकडं हायवे सोडून थोडं आत. आजूबाजूच्या गावांत पोरं क्रिकेट खेळतात. आमच्याकडं फुटबॉल आला तो एका सरांमुळं. कोल्हापूरकडचे होते. शाळेवर बदली होऊन आले ते पिशवीत बॉल घेऊनच. गायरानातले दगड आम्ही पोरांनी वेचले, बांबूचे गोल उभे केले, आणि दरवर्षी संक्रांत झाली की चार-आठ गावांच्या टीम बोलावून स्पर्धा घ्यायला लागलो. ग्राउंडच्या एका बाजूला करडईचं रान. बॉल करडईत गेला की खेळ थांबायचा, कारण त्या काट्यांत पाय घालायला कुणी तयार नसायचं. आमचा बॅक तेवढा मुकाट्यानं आत शिरायचा आणि पोटऱ्या ओरबाडून घेऊन बॉल आणायचा. बॅक म्हणजे गोलच्या पुढं उभा राहून समोरच्याला अडवणारा. ह्या गोष्टीत मी कुणाचंच नाव घेणार नाही, गाव लहान आहे. त्याला बॅकच म्हणतो. घरच्या शेळ्या घेऊन यायचा, त्या ग्राउंडच्या कडेला सोडायचा, खेळायचा, आणि शेळ्या घेऊन परत जायचा. बोलणं कमी. माझ्या मागं खेळायचा. मी फॉरवर्ड, म्हणजे पुढं राहून गोल मारणारा.

यंदा स्पर्धेला दहा वर्षं झाली. कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकलं की दहा वर्षांतले आपल्या गावचे दहा सर्वश्रेष्ठ खेळाडू निवडू आणि ग्राउंडवर फ्लेक्स लावू. झालं! आठ दिवस ग्रुपवर नुसती जुंपली. गोल करणारा मोठा का अडवणारा मोठा? दोन वर्षं खेळून पुण्याला गेला त्याला धरायचं का? एकानं तर मेलेल्या मामाचं नाव घातलं, मामा कधी ग्राउंडवरही आला नव्हता. शेवटी कोल्हापूरला सरांना फोन लावला. सर म्हणाले, "भांडू नका. जुन्या चौदा जणांनी दहा-दहा नावं लिहा. पहिल्याला दहा गुण, दुसऱ्याला नऊ, असं दहाव्याला एक. स्वतःचं नाव लिहायचं नाही. आणि खाली सही करा, म्हणजे मागनं तोंड फिरवता येणार नाही."

चिठ्ठ्या गोळा करायचं आणि बेरीज करायचं काम माझ्याकडं आलं. मी ऑफिसातला माणूस ना! जिल्ह्याच्या ठिकाणी पंख्याखाली बसतो, टेबल आहे. ते टेबल कसं मिळालं, ते सांगायला पाहिजे, कारण सगळं तिथंच येऊन अडकतं.

दुसऱ्या वर्षाची फायनल. शून्य-शून्य. शेवटची चार-पाच मिनिटं राहिली होती. आम्हाला डावीकडून कॉर्नर मिळाला, म्हणजे कोपऱ्यातली किक. गायरानातली धूळ अशी उडालेली की दोन हातांवरचं दिसेना. बॉल आला, मी उडी मारली, डोकं लागलं एवढं मला कळलं, आणि त्याच क्षणी त्यांच्या गोलकीपरचं कोपर माझ्या तोंडावर बसलं. पुढचा दात गेला. डोळ्यापुढं काळं. शुद्धीवर आलो तेव्हा मी बॅकच्या खांद्यावर होतो, खाली गाव नाचत होतं, तेरखेड्याहून आणलेली फटाक्याची लांबलचक माळ तडतडत होती, माझ्या रक्तावर गुलाल चिकटला होता आणि माईकवर तात्या माझं नाव घेऊन "गोऽऽल! गोऽऽल!" करून ओरडत होते.

तात्यांचं सांगतो. ते माईकवर बोलायचे, लिंबाखाली बसून, ग्राउंडच्या दुसऱ्या टोकाला. धुळीत गोल कुणी मारला ते त्यांना दिसायचं नाही, आणि नजरही तशी अधूच. म्हणून त्यांनी पहिल्याच वर्षी एक युक्ती काढली होती. गोल झाला की पोरं ज्याला खांद्यावर उचलतील, त्याचं नाव घ्यायचं. आमच्या ग्राउंडचा कायदाच होऊन बसला तो. ज्याला उचललं त्याचा गोल. सर शिट्टी वाजवायचे, पण नाव तेसुद्धा तात्यांचंच धरायचे. कधी चुकलं नव्हतं. स्वतःच्या गोलवर दुसऱ्याला कोण उचलणार?

त्या दिवशी तात्यांच्या शेजारी दोन पाहुणे खुर्च्या टाकून बसले होते, जिल्ह्याच्या टीमसाठी पोरं बघायला आलेले. त्यांना एकच जागा भरायची होती. त्यांनी माझं नाव लिहून घेतलं. जिल्ह्याकडून पुढं राज्यापर्यंत खेळलो, दाखला मिळाला, आणि त्या दाखल्यावर खेळाडू कोट्यातून नोकरी लागली. पुढं लग्न, धाराशिवला दोन खोल्या, सगळं त्या एका गोलातून आलं. ते मी कधी लपवलं नाही. उलट जिथं तिथं सांगितलं. ऑफिसात सांगितलं, सासुरवाडीत पहिल्या जेवणाच्या पंगतीत सांगितलं, ग्राउंडवर तर दर संक्रांतीला. कॉर्नर कसा आला, मी कशी उडी मारली, हवेत असतानाच मला कसं कळलं की हा जातोय. हवेत असताना! मला तर हवेत कोपराशिवाय काही कळलं नव्हतं. पण सांगून सांगून ते मलाच दिसायला लागलं होतं.

रविवारी गावी गेलो. जेवण उरकून पडवीत सतरंजी टाकली आणि चौदा चिठ्ठ्या मांडल्या. आई आत भांडी घासत होती. माझी चिठ्ठी मी आधीच लिहिलेली. पहिला नंबर मी पुण्याला गेलेल्या विंगरला, म्हणजे कडेनं पळणाऱ्याला, दिला होता, मन मोठं दिसावं म्हणून. दुसरा गोलकीपर. असं करत दहावा नंबर एका पोराला दिला, ज्याचा दुसऱ्याच वर्षी पाय मोडला होता. बिचारा म्हणून.

पहिली चिठ्ठी उघडली. पहिला नंबर, बॅक. मी म्हटलं, चुलतभावाची आहे, घरचाच माणूस. दुसरी उघडली. पहिला, बॅक. तिसरी, बॅक. चौथी, बॅक. आता मात्र मी सरळ होऊन बसलो. हे काय चाललंय? ठरवून केलंय काय ह्यांनी? मी आणि खुद्द बॅक सोडून राहिलेल्या बारा जणांपैकी अकरा जणांनी त्याला पहिला लिहिला होता, एकानं दुसरा. एकशेएकोणीस गुण. ज्या माणसानं दहा वर्षांत मोजून तीन गोल मारले असतील, त्याला एकशेएकोणीस!

आणि मी? मी कुणाच्या चिठ्ठीत सातवा, कुणाच्यात आठवा-नववा, पाच-सहा जणांच्या चिठ्ठीत नाहीच. बेरीज केली. परत केली. मोबाइलवर केली. एकतीस. अकराव्या माणसाला चोवीस होते, म्हणजे मी कसाबसा दहावा. तळहाताएवढा फोटो माझा. आणि त्या एकतिसातले दहा एकाच चिठ्ठीतून आलेले. एकुलत्या एका माणसानं मला पहिला नंबर दिला होता. ती चिठ्ठी म्हणजे लग्नपत्रिकेची मागची बाजू होती, मोठ्या वाकड्या अक्षरांत लिहिलेली. खाली बॅकची सही.

त्याची चिठ्ठी नसती तर मला एकवीस. मी दहातच नसतो.

माझ्या कानशिलातून वाफा निघायला लागल्या. चिठ्ठ्या खिशात कोंबल्या, मोटरसायकलला किक मारली आणि थेट हायवेवर गेलो. गोलकीपरचं तिथं पंक्चरचं दुकान आहे. टायर पाण्यात बुडवून बुडबुडे बघत बसला होता.

"काय रे," मी गाडीवरूनच म्हणालो, "मला आठवा लिहिलास?"

"आठवा लिहिला व्हय?" तो म्हणाला. "बरा लिहिला की मग."

"फायनलचा गोल कुणी मारला? नोकरी कुणाला लागली? राज्याला कोण खेळलं गावातून?"

त्यानं टायर बाजूला ठेवला. माझ्याकडं असा बघायला लागला की मला वाटलं, माझ्या तोंडावर काही बसलंय.

"काय बोलायलास तू?" तो म्हणाला. "गोल बॅकचा व्हता की."

"कुठला गोल?"

"आरं फायनलचा! तुझं डोकं लागून बॉल खांबाला धडकला, माघारी आला. बॅकनं गुडघ्यानं आत ढकलला. म्या आपल्या गोलमधनं पळत आलो व्हतो पार तुमच्यापर्यंत, डोळ्यानं बघितलं." त्यानं ओले हात फडक्याला पुसले. "येड्या, तुला खरंच म्हाईत न्हाय?"

मी गाडी बंद करून खाली उतरलो.

"आयला," तो हळू आवाजात म्हणाला. "आमी सगळे समजायलो की तुला म्हाईत हाय. म्हाईत असून गप हायस. नोकरीचं काम हाय म्हणून आमीबी तोंड उघडलं न्हाय. पण दर संक्रांतीला तू ती उडी सांगायचास तवा लई राग यायचा, गड्या. बॅक समोर बसलेला असायचा अन् तू त्यालाच हात करून सांगायचास."

जानेवारीचा महिना, वारं सुटलेलं, आणि मी घामानं भिजलो. किती वेळा सांगितली असेल मी ती उडी! आणि दर वेळी काय व्हायचं ते आता एकेक आठवायला लागलं. मी सुरुवात केली की गोलकीपर चहा आणायला उठायचा. विंगर मोबाइल काढायचा. मला वाटायचं, जळतात. मी बायकोलाही सांगितलं होतं, गावातली पोरं जळतात माझ्यावर.

"अजून एक ऐक," गोलकीपर म्हणाला, "आता निघालंच हाय तर. ते दोन पाहुणे सरांनी बॅकसाठी बोलावले व्हते. सरांनी त्याला आधी सांगितलं व्हतं, कॉर्नरला तूबी पुढं जा, जरा दिसू दे त्यांना. न्हायतर बॅक कशाला जाईल पुढं?"

मी गाडी वळवली. कुठं चाललो ते मी त्याला सांगितलं नाही आणि त्यानं विचारलं नाही.

बॅकचा गोठा गायरानाच्या कडेलाच आहे. काळ्याभोर उस्मानाबादी शेळ्या, लांब कान, नुसत्या बघत राहाव्यात. तो आकडी घेऊन बाभळीचा पाला पाडत होता आणि खाली शेळ्यांची झुंबड. मला बघून आकडी खाली घेतली नाही, नुसतं म्हणाला, "कवा आलास? बस. च्या सांगतो."

"चहा नको. गोल तुझा होता?"

"कुठला?"

कुठला! मी ज्याच्यावर उभा आहे, ज्याच्यावर माझं घर चालतं, त्याला हा विचारतोय कुठला. मी म्हणालो, "फायनलचा. माझा."

"आं, त्यो व्हय," तो म्हणाला. "व्हय. माजा व्हता."

एवढंच. पाऊस किती पडला ते सांगावं तसं. मी मटकन बांधावर बसलो. एक शेळी येऊन माझ्या खिशातली चिठ्ठी ओढायला लागली, तिला ढकलायचंही मला सुचेना.

"मग मला का उचललंस? तुला माहीत होतं ना, उचललं त्याचा गोल?"

"त्यावेळी गोलाचं कोण बघतंय," तो म्हणाला. "तू उठंनास. डोळे पांढरे, तोंडातनं रगात. मला वाटलं, गेलंच हे. म्हणून उचलला अन् पळालो सरांकडं, जीपमदी घालावं म्हणून. तर मागनं सगळे नाचत यायले. म्या वरडायलो, आरं बाजूला व्हा, पोरगं मेलंय. कोण ऐकतंय? त्यांना वाटलं, आनंदानं वरडायलाय. गुलाल काय टाकायलेत, माळ काय लावायलेत. अन् तात्यांचं चालू झालंच मग."

मला हसावं का रडावं कळेना. माझं आयुष्य म्हणजे हे? मला दवाखान्यात न्यायला निघालेला माणूस आणि त्याच्यामागं नाचणारं गाव?

"दुसऱ्या दिवशी सांगायचं की मग."

"निघालो व्हतो सांगायला. सरांकडंच चाललो व्हतो. दारातनं पाय बाहेर टाकला तर तुझी आई पुढ्यात. पेढे घेऊन आलती. माझ्या आईच्या हातावर पेढा ठेवला अन् रडायली. म्हणायली, माझ्या लेकरानं गावाचं नाव काढलं, तुमच्या लेकरानं त्याला खांद्यावर मिरवला, लई उपकार झाले." त्यानं एक फांदी ओढली. "त्याच्यावर काय बोलू मी? चप्पल काढली अन् परत आत आलो."

"राग नाही आला?"

"आला न्हाय व्हय? लई आला. दोन महिने म्या ग्राउंडवर पाय ठेवला न्हाय. तू सगळ्यांना सांगत हिंडायलास, त्याच्या शेळ्या व्यायल्यात म्हणून यायना." त्यानं पडलेला पाला पायानं शेळ्यांकडं सारला. "आता न्हाय येत तेवढा. कधीमधी येतो. तुझी गाडी ऑफिसला जाताना दिसली की येतो. मग जातो."

तो हे बोलताना माझ्याकडं बघत नव्हता. मला वाटलं, ह्यानं मला दोन शिव्या द्याव्यात, आकडी उगारावी, काहीतरी करावं. तो शेळ्यांसाठी पाला पाडत राहिला.

"आणि तरी मला पहिला नंबर दिलास?"

"मग काय करू? खेळायचासच तू भारी," तो म्हणाला, आणि पहिल्यांदा त्याचं तोंड उजळलं. "त्या गोलाचं सोड. तू बॉल घेऊन निघालास की म्या मागनं बघत ऱ्हायचो. आपल्याकडं हल्ला आला तरी ध्यान नसायचं. शेळ्या करडईत शिरायच्या माझ्या, तुझ्या खेळापायी. दहा वर्षांत तसं कुणी खेळलं न्हाय. खरं ते लिहिलं म्या."

एवढ्या वर्षांत मला कुणी असं म्हणालं नव्हतं. सगळे गोलाचं बोलायचे, मीही गोलाचंच बोलायचो. आणि जो एकटा माझा खेळ बघत होता, त्याचाच गोल मी खाऊन बसलो होतो.

मग त्यानं आकडी बाभळीला टेकवली, हात झटकले आणि जरा लाजत विचारलं, "तू मला कितवा दिलास?"

चिठ्ठ्या माझ्या खिशात होत्या. त्यातली माझी चिठ्ठी मी सोडून कुणी बघितलेली नव्हती. पहिला म्हणालो असतो तर त्यानं विश्वास ठेवला असता. दुसरा म्हणालो असतो तर जास्तच खरं वाटलं असतं. पण मी त्याच्याकडं बघितलं आणि माझ्या तोंडून खोटं निघेना. आईशपथ सांगतो, मी त्याला मुद्दाम गाळलं नव्हतं. मुद्दाम गाळलं असतं तर निदान तो माझ्या डोक्यात तरी आला असता. मला तो आठवलाच नव्हता. कायम मागं असायचा, बॉल आणून द्यायचा, शेळ्या घेऊन जायचा.

"नाही लिहिलं," मी म्हणालो.

"पयला न्हाय ना? चालतंय की. कितवा?"

"नाही लिहिलं मी तुला. दहात नाही."

त्याचा हात बाभळीवर होता तो तसाच राहिला. गोलाचं बोलताना ज्या माणसाच्या आवाजात काही हललं नव्हतं, त्याचं तोंड माझ्यासमोर उतरत गेलं. मी ते बघितलं. बघवत नव्हतं, तरी बघितलं.

"दहातबी न्हाय?" तो म्हणाला.

मी मान खाली घातली. तो अजून काही बोलेल म्हणून मी थांबलो. तो वळला, आकडी घेतली आणि पुढच्या बाभळीकडं गेला. शेळ्या त्याच्या मागून गेल्या. बॅकची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, चहा घेऊन आल्या तोवर मी तिथं एकटाच बसलेलो होतो. चहा प्यालो. वहिनींनी विचारलं, "काय झालं भावजी?" मी म्हणालो, काही नाही.

घरी आलो. आई म्हणाली, "कितवा आलास?"

"दहावा."

"ह्यांना काय कळतंय डोंबल फुटबॉलमधलं!" ती म्हणाली.

मी विचारलं, "आई, त्या वर्षी तू बॅकच्या घरी पेढे घेऊन गेली होतीस, आठवतंय?"

"न आठवायला काय झालं? सगळ्यांत आधी त्यांच्याच घरी गेले," आई म्हणाली. "त्याच्या आईनं पेढा घेतला, पण खाल्ला न्हाय. पदराच्या टोकाला बांधून ठेवला. मला वाटलं, उपास असंल. पण मग ध्यानात आलं, वार तर बुधवार."

ती परत कामाला लागली. मी तिला काही सांगितलं नाही. सांगणार होतो, पण भिंतीवर माझा दाखला फ्रेम करून लावलेला आहे, तो ती रोज सकाळी फडक्यानं पुसते, देव पुसावेत तसा. म्हणजे बॅकच्या आईलाही खरं माहीत होतं, आणि ते पोटात ठेवूनच ती वारली. त्या पेढ्यापासून माझ्या घरात शिजलेलं सगळं मी डोळ्यापुढं आणलं आणि मला जेवण गेलं नाही.

फ्लेक्स मी मतांप्रमाणंच काढला. माझं नाव गाळावं असं एकदा मनात आलं, पण मग त्याची चिठ्ठी फाडल्यासारखं झालं असतं. बॅकचा मोठा फोटो कुणाकडंच नव्हता. सगळ्यांचे मोबाइल धुंडाळले. प्रत्येक फोटोत मी पुढं आणि तो मागं कुठंतरी अर्धा कापलेला. शेवटी वहिनींनी एक पाठवला. करडईतून बॉल काखेत घेऊन बाहेर येतोय, पोटऱ्यांवर ओरखडे. फ्लेक्सवाला म्हणाला, "साहेब, हा थोडा फाटतो मोठा केला की." मी म्हणालो, फाटू दे.

संक्रांतीनंतरच्या रविवारी सकाळी फ्लेक्स ग्राउंडवर लावला. बॅक धुतलेला शर्ट घालून आला. शेळ्या नव्हत्या आणल्या. मला वाटलं, तो स्वतःचा आठ फुटी फोटो बघेल. त्यानं तो नुसता ओझरता बघितला आणि उजवीकडं खाली सरकत सरकत गेला, एकेक फोटो बोटानं मोजत. शेवटच्या तळहाताएवढ्या फोटोपाशी वाकला.

"तू हायस की दहात," तो म्हणाला. "बरं झालं. मला वाटलं, राहतोस का काय."

तुझ्याच दहा गुणांनी आहे, हे मला सांगायचं होतं. तेवढ्यात लिंबाखालून तात्यांनी माईकवर पुकारलं, दहा वर्षांतला पहिला नंबर, आणि त्याचं नाव घेतलं. ढोलकी वाजायला लागली. मी पुढं झालो, त्याच्यासमोर वाकलो, खांदा दिला. त्याला उचलून ग्राउंडभर फिरवायचा, हे मी आठवडाभर ठरवून ठेवलं होतं. आमच्या ग्राउंडचा कायदा होता ना तसा.

त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. वजन टाकलं नाही.

"तू नको," तो म्हणाला. रागानं नाही. अगदी हळू, मला एकट्याला ऐकू येईल असं. "दुसरं कुणीतरी उचला."

गोलकीपर आणि पुण्याहून आलेला विंगर पुढं आले, त्यांनी त्याला उचललं. गुलाल उडाला, माळ तडतडली, आणि तात्यांनी जुन्या सवयीनं त्याचं नाव घेऊन "गोऽऽल! गोऽऽल!" म्हणून आरोळी ठोकली. सगळे हसले. वर तोही हसला. उचलताना त्याच्या चपला खाली राहिल्या होत्या, गर्दीच्या पायात येत होत्या. त्या मी वेचल्या आणि त्याला खाली उतरवेपर्यंत हातात धरून उभा राहिलो.